मानवतची बोली म्हणजे नेमकी कुणाची?

ऑक्टोबर २०२४च्या पहिल्या आठवड्यात दोन बातम्या पाठोपाठ आल्या. ३ तारखेला केंद्रीय मंत्रिमंडळानं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला आणि ४ तारखेला ‘मानवत मर्डर्स’ ही वेबसिरीज सुरू झाली. मी मानवतची आणि पीएच.डी.चा विषय बोलीभाषा. तरी त्या आठवड्यात मला आलेले सगळे फोन दुसऱ्या बातमीचे होते. “तेच का गं तुझं गाव?” पन्नास वर्षांपूर्वीच्या हत्याकांडापलीकडं आमच्या गावाबद्दल कुणाला काही ठाऊक नाही, याची चीड आली. माझा सिनॉप्सिस तेव्हा जवळजवळ तयार होता. शीर्षक होतं ‘मानवत तालुक्यातील बोली : इतिहास आणि स्वरूप’. म्हटलं, चला, आपण गावाला दुसरी ओळख मिळवून देऊ.

पुढं समितीपुढं सादरीकरण झालं. पंचवीस स्लाइड दाखवून झाल्यावर समितीतल्या एका बाईंनी एकच प्रश्न विचारला, “मानवतची बोली म्हणजे नेमकी कुणाची?” मी म्हणाले, “मानवतच्या लोकांची.” त्यांनी पुन्हा विचारलं, “कुठल्या लोकांची?” मला उत्तर देता आलं नाही.

या लेखात मी त्या सिनॉप्सिसची चिकित्सा करणार आहे. माझाच असल्यामुळं कुणाला राग यायचं कारण नाही. पण चूक माझ्या एकटीची नव्हती, साच्याची होती. तुम्ही पेटची तयारी करत असाल, किंवा पास होऊन विषय शोधत असाल, तर हा साचा तुम्हालाही भेटेल. पहिल्या प्रकरणात गावाचा इतिहास आणि नावाची व्युत्पत्ती. दुसऱ्यात बोलीचा परिचय. तिसऱ्यात शब्दसंग्रह, म्हणी, ओव्या. शेवटी दोन ठरलेले निष्कर्ष : या बोलीवर उर्दूचा प्रभाव आहे, आणि ही बोली लोप पावत आहे. माझ्या सिनॉप्सिसमध्ये हे दोन्ही निष्कर्ष ‘अपेक्षित निष्कर्ष’ म्हणून आधीच लिहून ठेवले होते. म्हणजे अभ्यास करायच्या आधीच उत्तर तयार!

आधीचं काम शोधलं, तर रिकामी जागा सापडली

पूर्वसंशोधनाचा आढावा लिहिताना सगळे जण ग्रियर्सनपासून सुरुवात करतात. मीही केली. जॉर्ज ग्रियर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ साली निघाला. ‘ग्रियर्सन यांनी मराठीच्या बोलींचे वर्गीकरण केले आहे’ असं एक वाक्य टाकून मी पुढं गेले होते. नंतर लक्षात आलं की खरी गोष्ट त्या वाक्यात नव्हतीच. ग्रियर्सनचं सर्वेक्षण मद्रास इलाख्यात, म्हैसूर संस्थानात आणि निजामाच्या हैदराबाद संस्थानात झालंच नाही. परभणी जिल्हा तेव्हा हैदराबाद संस्थानात. म्हणजे ज्या ग्रंथाचा मी आधार म्हणून उल्लेख केला, तो माझ्या गावापर्यंत आलेलाच नव्हता.

आता शेजारी बघा. वऱ्हाड मुळात निजामाचंच, पण १८५३च्या तहानं ते इंग्रजांच्या कारभाराखाली गेलं. त्यामुळं बुलढाणा, वाशीम, अकोल्याकडची वऱ्हाडी ग्रियर्सनच्या खंडात नमुन्यांसह आली. बऱ्याच ठिकाणी सरहद्द म्हणजे पैनगंगा होती. नदीच्या वरच्या अंगाला सर्वेक्षण झालं आणि खालच्या अंगाला झालं नाही. बोलणं काही नदीशी थांबत नाही, पण त्याची नोंद थांबली.

झालेल्या नोंदींचीही एक अडचण आहे. सर्वेक्षणाचे नमुने सरकारी अधिकाऱ्यांमार्फत जमा झाले. बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट ठिकठिकाणच्या बोलीत उतरवून मागवली गेली. त्यामुळं कागदावर आलेली बोली ही बऱ्याचदा ती लिहून देणाऱ्या शिकलेल्या माणसाला जशी वाटली तशी आहे. ग्रियर्सनचं काम त्यामुळं लहान होत नाही. पण ‘ग्रियर्सन म्हणतो’ असं लिहिण्याआधी त्याला ते कुणी सांगितलं, हे विचारायला हवं.

स्वातंत्र्यानंतरही जागा बराच काळ रिकामीच राहिली. अ. मा. घाटगे यांनी १९६०च्या दशकात मराठी बोलींच्या सर्वेक्षणाची मालिका सुरू केली. कुडाळी, महाडची कुणबी, ठाण्याकडची वारली, दक्षिण कानडातली कोंकणी हे त्यातले विषय. कल किनारपट्टीकडं. अलीकडं पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्यानं बोलींचं नवं सर्वेक्षण केलं आणि त्यातलं ध्वनिमुद्रण, नकाशे इंटरनेटवर सगळ्यांसाठी ठेवले. ते जरूर ऐका. पण त्यातही प्रत्येक जिल्ह्यातली निवडक गावं आहेत. नकाशावरचा ठिपका म्हणजे आपलं गाव असं समजून चालायचं नाही.

तुलनेसाठी नेदरलँड्स घ्या. तिथं ॲम्स्टरडॅमच्या मेर्टेन्स संस्थेकडं १९३०च्या दशकापासून गावोगावच्या बोलींच्या प्रश्नावल्या जमा होत आल्या आहेत. पुढं डच बोलींच्या वाक्यरचनेचा नकाशासंग्रह झाला, त्यात २६७ ठिकाणांची माहिती आहे. तिथल्या एखाद्या लहान गावातल्या विद्यार्थ्याला आपल्या पणजोबांच्या वेळचं बोलणं कागदावर मिळू शकतं आणि त्याच्याशी आजचं बोलणं ताडून बघता येतं. ‘बोली बदलली’ हे तो दाखवू शकतो. मी मात्र ‘बोली लोप पावत आहे’ असं लिहिलं होतं, आणि आधी ती कशी होती याचा एकही पुरावा माझ्याकडं नव्हता.

इथून पहिला धडा मिळतो : नोंद नाही याचा अर्थ बोली नाही असा होत नाही, आणि पूर्वी ती ‘शुद्ध’ होती असाही होत नाही. रिकामी जागा ही रिकामी जागा म्हणूनच लिहायची.

‘मराठवाडी’ हे कुणाचं नाव?

सिनॉप्सिसच्या दुसऱ्या प्रकरणात मी लिहिलं होतं, ‘मानवतची बोली ही मराठवाडी बोलीची उपबोली आहे.’ वाक्य वजनदार वाटतं. पण मराठवाडा हा आधी कारभाराचा प्रदेश. हैदराबाद संस्थानातले औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे म्हणजे मराठवाडा. १७ सप्टेंबर १९४८ला संस्थान भारतात आलं, १ नोव्हेंबर १९५६ला हे जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६०ला महाराष्ट्रात. राजकीय इतिहास म्हणून हे सगळं महत्त्वाचंच आहे. पण कारभाराची सीमा तीच बोलीची सीमा, हे आधी सिद्ध करावं लागतं. मी ते गृहीत धरलं होतं.

एक उदाहरण देते. आमच्याकडं ‘काय करायलास?’, ‘पाऊस पडायलाय’, ‘तो जेवायलाय’ असं म्हणतात. प्रमाण मराठीत ‘काय करतोयस?’, ‘पाऊस पडतोय’. बाहेरचा माणूस हे ऐकून लगेच म्हणतो, “मराठवाड्याचे का?” म्हणून मीही ते मराठवाडीचं खास लक्षण म्हणून नोंदवलं. पण सोलापूरकडं जा, ‘करायलास’ तिथं आहे. कोल्हापूरकडं जा, ‘काय करालायस?’ आहे. म्हणजे हे रूप निजामाच्या हद्दीबाहेरही पसरलेलं आहे. उलट लातूर–नांदेडकडं ‘कराल्लास’ ऐकू येतं, आणि ते तर मराठवाड्यातच. वऱ्हाडात गेलात की ‘काय करून राहिला?’ सुरू होतं. ‘मराठवाडी’ नावाच्या एका पिशवीत या रूपांची वाटणी होत नाही.

आता यातला खरा संशोधनाचा प्रश्न बघा. ‘करायलास’ हे ‘करायला लागलास’चं आखडलेलं रूप असावं असा अंदाज करता येतो. पण प्रमाण मराठीत ‘पाऊस पडायला लागला’ म्हणजे पाऊस सुरू झाला. आमच्या ‘पाऊस पडायलाय’चा अर्थ पाऊस चालू आहे, मग तो सकाळपासून का असेना. सुरुवातीचा अर्थ सरकून चालू असण्याचा अर्थ कसा आला? आणि ‘पाऊस सुरू झाला’ असं सांगायचं असेल तर आम्ही काय म्हणतो? या दोन प्रश्नांवर एक अख्खं प्रकरण होऊ शकतं. माझ्या सिनॉप्सिसमध्ये या रूपाला दीड ओळ होती आणि शब्दांच्या यादीला चाळीस पानं.

दस्ती आणि रुमाल

यादीबद्दल बोलू. गावातले जुने शिक्षक, वाचनालयातले काका यांनी वहीत जमवलेले शब्द मला मिळाले. अशी माणसं नसती तर कितीतरी शब्द आज कुणाला सांगता आले नसते. तेव्हा याद्यांना मी नावं ठेवत नाही. माझा आक्षेप आहे तो त्यांच्यावरून काढलेल्या निष्कर्षाला.

मी यादीतले फारसी–अरबी मुळाचे शब्द मोजले आणि लिहिलं, ‘निजामी राजवटीमुळे उर्दूचा मोठा प्रभाव’. यादीत ठळक शब्द होता ‘दस्ती’. आमच्याकडं हातरुमालाला दस्ती म्हणतात, हैदराबादेतही म्हणतात. समितीतल्या त्याच बाईंनी विचारलं, “पुण्यात काय म्हणतात?” मी म्हणाले, “रुमाल.” त्या म्हणाल्या, “मग रुमाल कुठला?” रुमालही फारसीच! पुण्याच्या माणसानं रुमाल म्हटलं तर ती प्रमाण मराठी, आणि मानवतच्या माणसानं दस्ती म्हटलं तर तो उर्दूचा प्रभाव. हा हिशोब मी केला होता, आणि करताना मला काही खटकलंही नव्हतं.

कागद, बाजार, जमीन, अर्ज, दप्तर, वकील, शहर हे शब्द साऱ्या महाराष्ट्रात आहेत. ते हैदराबाद संस्थानाच्या कितीतरी आधीपासून मराठीत आहेत. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश तयार करावा लागला तो कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठीच. निजामाची स्वतंत्र सत्ता धरायची ती १७२४पासून. म्हणजे नुसते फारसी शब्द मोजून निजामी काळाचा प्रभाव दाखवता येत नाही. आधी माधवराव पटवर्धनांचा १९२५चा फार्शी–मराठी कोश उघडा, आपला शब्द बाकी मराठीत आहे का ते बघा, मगच पुढं जा.

मग त्या काळाची खूण कुठं सापडेल? ज्या शब्दाला एखादं पद, एखादं कार्यालय बांधलेलं आहे, तिथं. हैदराबाद संस्थानात जिल्ह्याच्या मुख्य अधिकाऱ्याला ‘अव्वल तालुकदार’ म्हणत. इंग्रजी मुलखात तो कलेक्टर. जुन्या माणसाच्या तोंडी ‘तालुकदार’ या अर्थानं आला तर तो शब्द कुठल्या कारभारातून आला ते सांगता येतं. दस्तीबद्दल तसं सांगता येत नाही.

आणखी एक घोटाळा मी केला होता. मानवत म्हणजे कापसाची बाजारपेठ. तेव्हा सरकी, रुई, गठाण, आडत, मापाडी हे सगळे शब्द मी ‘मानवतच्या बोलीतील व्यवसायनिष्ठ शब्द’ म्हणून नोंदवले. पण हे शब्द अकोल्यात आहेत, जळगावात आहेत. जिथं जिथं कापूस तिथं ते गेले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे झाली, गावापासून दूर ‘मानवत रोड’ स्टेशन झालं, जिनिंग आले, व्यापारी आले, हमाल आले. व्यापाराचे शब्द व्यापाराच्या वाटेनं फिरतात. त्यांचा नकाशा वेगळा काढावा लागतो. बोलीच्या नकाशावर तो चिकटवून चालत नाही. गंमत म्हणजे गावाचा हाच इतिहास माझ्या पहिल्या प्रकरणात होता आणि शब्द तिसऱ्या प्रकरणात. दोघांची गाठ मी घालूनच दिली नव्हती.

आजीचं ‘मले’

आता ‘कुठल्या लोकांची?’ या प्रश्नाकडं येते.

बोलीविज्ञानात जुनी सवय आहे की गावातला एक म्हातारा, शेतकरी, गाव न सोडलेला माणूस शोधायचा आणि त्याचं बोलणं म्हणजे गावाची बोली समजायची. फ्रान्सच्या प्रसिद्ध भाषिक नकाशासंग्रहासाठी एदमों एदमों हा माणूस १८९७ ते १९०१ या काळात ६३९ ठिकाणी फिरला. बहुतेक ठिकाणी त्यानं एकेकाच माणसाला प्रश्न विचारले, आणि ते बहुतांशी पुरुष. चेंबर्स आणि ट्रडगिल यांनी १९८०च्या पुस्तकात या निवडीवर नेमकं बोट ठेवलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की स्थिर, वयस्कर, ग्रामीण पुरुष एवढंच ऐकलं तर अख्खा समाज निसटतो.

मीही तेच केलं होतं. नमुना निवडीची माझी अट होती, ‘जन्मापासून मानवत तालुक्यात वास्तव्य’. साधी, शास्त्रीय वाटणारी अट. या अटीनं माझी आजी बाद झाली. ती वाशीमकडची, लग्न होऊन इकडं आलेली. आई बाद झाली, काकू बाद झाल्या. आपल्याकडं मुली लग्न होऊन दुसऱ्या गावी जातात, हे मला काय माहीत नव्हतं? तरी ही अट लिहिताना माझ्या लक्षात आलं नाही की गावातल्या लग्न झालेल्या बहुतेक बायका तिच्यामुळं यादीतून जातात. ज्यांच्या तोंडून मुलं बोलायला शिकतात त्याच बाद, आणि त्यांच्याकडून शिकलेले मुलगे तेवढे ‘मूळ भाषक’!

आजी आमच्याशी बोलताना ‘मला’ म्हणायची. बहिणीचा फोन आला की पाचव्या वाक्याला ‘मले’ सुरू. “मले काय माहीत बाई.” आम्ही पोरं हसायचो. संशोधनाच्या भाषेत सांगायचं तर पन्नास वर्षांनंतरही तिच्याकडं दोन्ही रूपं शाबूत होती आणि समोरचा माणूस बघून ती निवड करत होती. नदीच्या दोन अंगांच्या बोलीची सीमा आमच्या घरातल्या खाटेवर बसलेली होती. मी तिचं अकरा मिनिटांचं रेकॉर्डिंग केलं होतं, तेही मशीन तपासून बघायला म्हणून. पुढं अटीत बसत नाही म्हणून तिला विचारलंच नाही. आता ती नाही. ती अकरा मिनिटं आहेत, आणि त्यात ती मला जेवलीस का एवढंच विचारतेय.

मुद्दा फक्त बायकांचा नाही. आमच्या गल्लीत दखनी बोलणारी घरं आहेत, पेठेत मारवाडी घरं आहेत, आसपासच्या तांड्यांवरून गोरमाटी बोलणारी माणसं बाजाराला येतात. हे सगळे मराठी बोलतात, आणि त्यांची मराठी हीसुद्धा मानवतचीच मराठी आहे. जॉन गंपर्झ यांनी १९५८ साली सहारनपूर जिल्ह्यातल्या खालापूर या एका खेड्याचा अभ्यास छापला. गावातल्या जातींच्या बोलण्यात फरक होते, आणि दिवसभर शेतात एकत्र काम केल्यानं ते मिटत नव्हते. कोण कुणाशी मोकळेपणानं उठतो-बसतो, यावर ते जास्त अवलंबून होते. म्हणजे एका गावात एक बोली हे गृहीतकच ढासळतं. माझ्या सिनॉप्सिसमध्ये वस्ती, वाडा, पेठ, तांडा यांतला एकही शब्द नव्हता. ‘मानवतकर’ नावाचा एक सरासरी माणूस तेवढा होता.

मग गावाचा अभ्यास करायचाच नाही का?

करायचा, जरूर करायचा. लहान गाव हे भाषाविज्ञानात लहान राहत नाही. सांगलीजवळचं कुपवाड बघा. गंपर्झ आणि विल्सन यांनी १९७१ साली तिथल्या मराठी, कन्नड, उर्दू आणि तेलुगूबद्दल लिहिलं की शतकानुशतकं शेजारी राहून या भाषांची वाक्यरचना एकमेकींच्या फार जवळ आली आहे. तेव्हापासून जगभरच्या विद्यापीठांत कुपवाडचं नाव घेतलं जातं. पुढं सोनल कुलकर्णी-जोशी यांनी त्याच गावात जाऊन हा दावा पुन्हा तपासला आणि तो जसाच्या तसा मान्य केला नाही. दोन्ही लेख शेजारी ठेवून वाचा. पहिल्यांदा प्रश्न कसा मांडला आणि नंतर त्याची चिकित्सा कशी झाली, हे त्यातून शिकता येतं.

माझ्या नव्या सिनॉप्सिसमध्ये काय बदललं ते सांगते.

शब्दांची यादी परिशिष्टात गेली. मुख्य प्रश्न एकच, ‘-आयला’चा. परभणीहून मानवतमार्गे पाथरीपर्यंत, आणि दुसऱ्या बाजूनं जिंतूरकडं, हे रूप कोण वापरतं, कधी वापरतं, कुणासमोर टाळतं, एवढंच बघायचं.

‘जन्मापासून वास्तव्य’ ही अट काढली. त्याऐवजी प्रत्येक भाषकाचं माहेर, सासर, शाळा, काम आणि घरात बोलली जाणारी दुसरी भाषा अशी नोंद ठेवते. अट घालून माणसं वगळण्यापेक्षा माहिती लिहून माणसं ठेवणं बरं.

‘लोप पावत आहे’ हे वाक्य काढलं. आजचं बोलणं नीट नोंदवलं तर चाळीस वर्षांनी कुणीतरी ते खरं की खोटं सांगू शकेल. तो अधिकार आज माझा नाही.

आणि ‘अशुद्ध’ हा शब्द. शाळेत आम्हाला ‘करायलो’ म्हटल्यावर हसून दुरुस्त केलं जायचं. त्यामुळं रेकॉर्डर चालू केला की मोठी माणसंसुद्धा सरसावून बसतात आणि ‘करत आहे’ म्हणतात. म्हणजे शाळेचा हा शेरा थेट माझ्या आधारसामग्रीत शिरतो. तो टाळायचा एकच उपाय मला सापडला आहे : आधी मी माझ्या बोलीत बोलायचं. सहा वर्षं शहरात राहून माझी जीभ आता पटकन वळत नाही. पहिल्या भेटीत एका काकांनी मला विचारलं, “तू पुण्याची का गं?”

पुढच्या लेखात रेकॉर्डिंगसाठी संमती कशी घ्यायची आणि ती मराठीत कशी लिहायची ते सांगते. तोवर एक काम करा. तुमच्या सिनॉप्सिसच्या शीर्षकातलं गावाचं नाव घ्या आणि पुढं ‘म्हणजे कुणाची?’ असं लिहा. उत्तर एका ओळीत आलं तर पुन्हा एकदा तपासा. आणि घरात कुणी लग्न होऊन दुसऱ्या भागातून आलेलं असेल, तर आज संध्याकाळीच त्यांच्याशी बोलायला बसा.